एएलएममध्ये कधीच न चाललेल्या टेस्ट केसेस कशा शोधता?

सिंहगडरोड — रविवार, रात्री १०:१२

मंडळी, इथे टेस्टिंगमधले बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. प्रश्न टूलचा आहे, पण त्यामागे एक प्रसंग आहे. तो आधी सांगते, म्हणजे मी नेमकं काय विचारतेय ते कळेल.

एका बँकेच्या ठेवी आणि कर्जांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग आमच्याकडे आहे. आम्ही नऊ जण, पुण्यात. जानेवारी २०२४ च्या रिलीजला मी लीड होते. टूल एएलएम, म्हणजे जुनं क्वालिटी सेंटर; टेस्ट केसेस, म्हणजे तपासणीच्या लिहिलेल्या पायऱ्या, त्यात ठेवायच्या आणि चालवल्याची नोंद करायची. साइन-ऑफच्या, म्हणजे टेस्टिंग संपल्याच्या मंजुरीच्या, मेलमध्ये मी टाइप केलेली ओळ मला अजून पाठ आहे: नियोजित ६४०, एक्झिक्युटेड ६४०, पास ६३१, फेल ९, नो रन (न चाललेल्या) ०. नऊही डिफेक्ट किरकोळ होते, क्लायंटने ते पुढच्या रिलीजवर टाकायला मान्यता दिली. आम्ही सगळे समाधानाने घरी गेलो.

२९ फेब्रुवारीला, गुरुवारी, एका शाखेत एक निवृत्त शिक्षिका ठेवीची पावती आणि पासबुक घेऊन काउंटरवर आल्या. २९ ऑगस्ट २०२३ ला सहा महिन्यांसाठी ठेवलेली रक्कम. पावतीवर मुदत २९ फेब्रुवारी, पासबुकात मात्र पैसे २८ लाच जमा, आणि व्याज १८४ ऐवजी १८३ दिवसांचं. लाखाला सात टक्क्यांनी एका दिवसाचे एकोणीस रुपये होतात. बाईंनी ते वहीत मांडून आणले होते. त्यांच्यामुळे बाकीच्या सगळ्या ठेवी तपासल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी रूट कॉजचा, म्हणजे चूक मुळात कशामुळे झाली ते शोधायचा, कॉल होता. त्याआधी मी टेस्ट प्लॅनमध्ये, म्हणजे केसेस लिहून ठेवायच्या भागात, सहज 'फेब्रुवारी' शोधलं. केस होती! सात स्टेप्सची, नीट लिहिलेली. चौथ्या स्टेपला अपेक्षित निकाल: मुदत २९-०२-२०२४, व्याजाचे दिवस १८४. आमच्याच एका सहकाऱ्याने ऑक्टोबरमध्ये लिहिली होती, नंतर तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. टेस्ट लॅबमध्ये, म्हणजे केसेस चालवायच्या भागात, ही केस कुठेच नाही. त्या ६४० मध्ये ती नव्हतीच.

केस सुचली नसती तर मी स्वतःला समजावलं असतं. सुचली होती, लिहिली होती, चालवली नाही. आणि माझ्या मेलमध्ये नो रन शून्य होतं, जे टूलच्या हिशोबाने खरंही होतं.

तर, अशा केसेस तुम्ही कशा पकडता? एएलएममध्ये तयार रिपोर्ट आहे का? दुसरी टूल्स वापरणाऱ्यांनीही सांगा, आमच्याकडे बदलण्याची चर्चा चालू आहे.

जुनाजाणता — रविवार, रात्री ११:०५

ताई, आधी त्या बाईंना नमस्कार.

मी हे टूल मर्क्युरीचं टेस्ट डिरेक्टर होतं तेव्हापासून वापरतोय. २००६ मध्ये एचपीने मर्क्युरी घेतली, २०१७ ला ते मायक्रो फोकसकडे गेलं, २०२३ पासून ओपनटेक्स्टकडे आहे. मालक बदलले, पण तुम्ही म्हणताय तो खड्डा पहिल्यापासून तिथेच आहे.

'न चाललेली केस' म्हणजे एएलएममध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, टेस्ट सेटमध्ये (टेस्ट लॅबमधल्या चालवायच्या यादीत) ओढलेली पण रन न केलेली. तिचं स्टेटस नो रन दिसतं, ती ग्राफमध्ये येते, मॅनेजर तिच्याबद्दल विचारतो. दुसरी, टेस्ट प्लॅनमध्ये पडून असलेली, कुठल्याच टेस्ट सेटमध्ये न गेलेली. टेस्ट लॅबच्या दृष्टीने तिचा जन्मच झालेला नाही. टेस्ट लॅबचा कुठलाही ग्राफ टेस्ट इन्स्टन्स (टेस्ट सेटमध्ये घातलेल्या केसची नोंद) मोजतो, टेस्ट मोजत नाही. इन्स्टन्स नाही तर मोजणार काय?

शोधायचं कसं: डॅशबोर्डमध्ये एक्सेल रिपोर्ट करता येतो, तिथे क्वेरी लिहा. 'टेस्ट' टेबल डावीकडे, 'टेस्टसायकल' टेबल उजवीकडे, टेस्ट आयडीवर लेफ्ट जॉइन, आणि उजवीकडे जिथे काहीच सापडत नाही त्या ओळी. एवढंच. फोल्डरचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव आणि तयार केल्याची तारीख हे तीन कॉलम नक्की घ्या, नाहीतर यादी हातात येईल आणि विचारायचं कोणाला ते कळणार नाही.

एक प्रश्न. टेस्ट सेट भरताना फिल्टर काय लावला होता?

निशिगंधा_क्यूए — सोमवार, सकाळी ८:२०

टेस्ट प्लॅनमध्येच 'एक्झिक्युशन स्टेटस' नावाचा कॉलम आहे ना? त्यावर नो रन फिल्टर लावला की दोन्ही प्रकार एकत्र येतात. क्वेरी कशाला?

जुनाजाणता — सोमवार, सकाळी ८:५२

येतात, पण त्या कॉलमला रिलीज कळत नाही. तो शेवटच्या रनचं स्टेटस धरून बसतो, मग तो रन कधीचाही असो. एखादी केस २०१९ ला पास झाली आणि त्यानंतर कोणी हात लावला नाही, तर तिथे आजही पास दिसतं. नवीन प्रोजेक्ट असेल तर तुमचा फिल्टर पुरतो. सहा-सात वर्षं चाललेल्या प्रोजेक्टमध्ये त्याच्यावर विसंबू नका. तिथे 'या रिलीजच्या सायकलमध्ये इन्स्टन्स आहे का' असंच विचारावं लागतं, म्हणजे जॉइन करताना टेस्ट सेटची टार्गेट सायकलही (तो कुठल्या रिलीजच्या फेरीसाठी आहे ते) बघायची.

मुळाकाठ — सोमवार, सकाळी ९:४०

धागा वाचून पोटात गोळा आला. आमचाही स्टेटस रिपोर्ट असाच जातो.

मला वाटतं खरा प्रश्न भागाकाराचा आहे. एक्झिक्युशन टक्केवारी म्हटलं की सगळे अंशाकडे बघतात, किती चालल्या. छेद कुठून आला हे कोणी विचारत नाही. छेद टेस्ट लॅबमधून घेतला की तो आपोआप 'आपण चालवायच्या ठरवलेल्या' एवढाच होतो. मग शंभर टक्के यायला कितीसा वेळ लागतो? नको असलेली केस टेस्ट सेटमधून काढली की टक्केवारी वाढते. मी हे होताना बघितलंय. शेवटच्या दोन दिवसांत टेस्ट सेटमधून चाळीसेक इन्स्टन्स डिलीट झाले आणि आलेख एकदम वर गेला. कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं. 'या आता होणार नाहीत, पुढच्या वेळी घेऊ' एवढंच डोक्यात होतं.

म्हणून आम्ही आता छेद रिक्वायरमेंटवरून, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं त्या यादीवरून, घेतो. एएलएममध्ये रिक्वायरमेंटला केस जोडली की कव्हरेजचं स्टेटस मिळतं: नॉट कव्हर्ड, नो रन, नॉट कम्प्लीटेड, पास, फेल. यातलं 'नॉट कव्हर्ड' आणि 'नो रन' वेगळं दिसतं हे फार मोलाचं आहे. पहिल्यात केसच जोडलेली नाही, दुसऱ्यात केस आहे पण चाललेली नाही. दोन्हीसाठी वेगवेगळ्या माणसाकडे जावं लागतं.

निशिगंधा_क्यूए — सोमवार, सकाळी १०:०५

पटलं. जुनाजाणता काका, धन्यवाद. आमचा प्रोजेक्ट २०१६ चा आहे, म्हणजे माझा फिल्टर इतके दिवस चुकीचंच सांगत होता.

पेणकर — सोमवार, दुपारी १:१५

आम्ही टेस्टरेलवर आहोत, तिथला अनुभव सांगतो.

टेस्टरेलमध्ये न चाललेल्या केसला 'अनटेस्टेड' म्हणतात. चांगली गोष्ट अशी की अनटेस्टेड हे स्टेटस कोणाला हाताने देता येत नाही. एकदा निकाल भरला की केस त्यातून बाहेर पडते, परत आत ढकलता येत नाही. एपीआयने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडूनही, नाही. पुन्हा चालवायची असेल तर 'रीटेस्ट' वेगळं आहे. त्यामुळे अनटेस्टेडचा आकडा तसा प्रामाणिक राहतो.

पण खड्डा इथेही आहे. टेस्ट रन तयार करताना विचारतात, सगळ्या केसेस घ्यायच्या की निवडक. 'सगळ्या' घेतल्या तर रन चालू असेपर्यंत सूटमध्ये (केसेसच्या साठ्यात) नवीन आलेली केस आपोआप रनमध्ये येते, अनटेस्टेड म्हणून डोळ्यांत खुपते. 'निवडक' घेतल्या तर नवीन केस बाहेरच राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. आमच्याकडे सवयीने सगळे निवडकच घ्यायचे. डेव्हलपमेंट चालू असतानाच केसेस लिहिणं चालू असतं, त्यामुळे रन बनल्यानंतर लिहिलेल्या केसेस नेमक्या सुटायच्या. आणि उशिरा लिहिलेल्या केसेस बहुतेक वेळा कोणीतरी खोलवर विचार केल्यावर सुचलेल्या असतात! ताईंची २९ फेब्रुवारीची केस तशीच आहे.

आता नियम केलाय: रन बंद करण्याआधी सूटमधल्या केसेसची संख्या आणि रनमधल्या टेस्ट्सची संख्या शेजारी शेजारी लिहायची. फरक असेल तर फरकातल्या प्रत्येक केसपुढे एक वाक्य. बंद केलेला रन गोठतो, नंतर काही बदलता येत नाही, म्हणून आधीच.

कोथरूडची_मनाली — सोमवार, दुपारी २:३०

जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायचं टूल) झेफर हे टेस्टिंगचं अॅड-ऑन वापरणाऱ्यांसाठी: तिथे स्टेटसचं नावच 'अनएक्झिक्युटेड' आहे आणि झेडक्यूएल या त्याच्या शोधभाषेत एका ओळीत सगळ्या अनएक्झिक्युटेड शोधता येतात. पण सायकलमध्ये घातलेल्याच. सायकलमध्ये न घातलेल्या टेस्टला एक्झिक्युशनची नोंदच नसते, त्यामुळे ती अनएक्झिक्युटेडच्या शोधातही येत नाही. मला हे कळायला एक वर्ष लागलं.

एक्सरे या जिराच्या दुसऱ्या अॅड-ऑनमध्ये रिक्वायरमेंटच्या बाजूने बघितलं तर 'अनकव्हर्ड' आणि 'नॉटरन' असे दोन वेगळे रंग येतात. मुळाकाठ म्हणताहेत तेच.

मुळाकाठ — सोमवार, दुपारी २:४१

म्हणजे टूल कुठलंही घ्या, 'चालवायच्या यादीत नाही' ही गोष्ट 'चालली नाही' मध्ये धरतच नाहीत.

गोंयची_सुलक्षणा — सोमवार, सायंकाळी ६:५०

मी गोव्यात वेर्ण्याला औषध कंपन्यांच्या संगणक प्रणालींचं व्हॅलिडेशन करते. तुमच्याहून वेगळं जग आहे, पण या बाबतीत आमच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

आमच्याकडे टेस्ट स्क्रिप्टचा कुठलाही रकाना कोरा राहूच शकत नाही. स्क्रिप्ट चालली नाही तर तिथे 'चालवली नाही' असं लिहायचं, कारण लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. कागदावर असेल तर उरलेल्या रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारायची, आणि रेघेवरही सही-तारीख. नवीन मुलींना हे शिकवताना सुरुवातीला वाटतं, किती हा जाच. पण दोन वर्षांनी तपासणीला माणूस येतो आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवतो तेव्हा तुम्ही काय सांगणार? केली नाही, की विसरलात, की केली आणि लिहायचं राहिलं? कोऱ्या जागेचे तिन्ही अर्थ होतात.

प्रोटोकॉलमध्ये मंजूर झालेली स्क्रिप्ट चालली नाही तर डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगळं झाल्याची नोंद, काढावं लागतं. त्यावर क्वालिटीची सही झाल्याशिवाय समरी रिपोर्ट पुढे सरकत नाही. म्हणजे छेद मंजुरीच्या दिवशीच पक्का होतो. मग कोणाला शेवटच्या दोन दिवसांत चाळीस केसेस गुपचूप काढता येत नाहीत.

नो रन हे मला त्या कोऱ्या रकान्यासारखं वाटतं. टूलने आपणहून भरलेलं, कोणा माणसाने न लिहिलेलं स्टेटस आहे ते.

जुनाजाणता — सोमवार, सायंकाळी ७:२०

शेवटचं वाक्य लाख मोलाचं. पास, फेल, ब्लॉक्ड, एनए या चारही मागे कोणीतरी टिचकी मारलेली असते. नो रनमागे कोणीच नसतं.

यासाठी एएलएममध्ये तयार सोय आहे आणि फार कमी लोक ती वापरतात. टेस्ट लॅबमध्ये प्रत्येक इन्स्टन्सला 'रिस्पॉन्सिबल टेस्टर' आणि 'प्लॅन्ड एक्झिक्युशन डेट' ही दोन फील्ड आहेत. टेस्ट सेट केल्याच्या दिवशीच दोन्ही भरा. मग रोज सकाळी एकच फिल्टर: स्टेटस नो रन, ठरलेली तारीख आजच्या आधीची. जी यादी येते ती खरी उशिराची यादी. एरवी २०० नो रन म्हणजे चांगलं की वाईट काहीच कळत नाही. १८० पुढच्या आठवड्यातल्या असतील तर निवांत राहा, ९० गेल्या मंगळवारच्या असतील तर आजच उठा.

त्याच्यापुढे एक युजर फील्ड वाढवा, 'न चालण्याचं कारण'. पर्याय थोडेच ठेवा. एन्व्हायर्नमेंट बंद, डेटा नाही, डिफेक्टमुळे अडली, बिल्डमध्ये फीचरच नाही, वेळ पुरला नाही, मुद्दाम वगळली.

मुळाकाठ — सोमवार, सायंकाळी ७:४८

'वेळ पुरला नाही' ठेवू देतील का मॅनेजर? आमच्याकडे हे कारण लिहिलं की टीमच्या अंगावर येतं. म्हणून लोक 'डेटा नाही' निवडतात.

जुनाजाणता — सोमवार, रात्री ८:१०

ठेवलंच पाहिजे, आणि ते लिहिणाऱ्याला कोणी बोलणार नाही ही जबाबदारी लीडने घ्यायची. नाहीतर एनए सुरू होतं. साइन-ऑफच्या आदल्या संध्याकाळी उरलेल्या सगळ्या नो रन एकगठ्ठा निवडून एनए केलेल्या मी पाहिल्यात. एनएचा अर्थ 'ही केस इथे लागूच नाही'. वेळ नव्हता म्हणून न चाललेली केस पूर्णपणे लागू असते. त्या दोन अक्षरांनी एक न तपासलेली गोष्ट तपासायची गरज नसलेली गोष्ट होऊन जाते, आणि पुढच्या रिलीजला टेस्ट सेट कॉपी करणारा माणूस 'गेल्या वेळीही एनए होती' म्हणून तिला पुन्हा सोडतो.

माझ्या मते हे नो रनपेक्षा वाईट. नो रन निदान गप्प असतं, एनए खोटं बोलतं.

नवी_टेस्टर — सोमवार, रात्री १०:३५

नमस्कार. मी गेल्या जूनमध्येच जॉइन झाले. आमचे लीड रोज संध्याकाळी सांगतात 'नो रन झिरो करून जा'. काल माझ्याकडे १४ उरल्या होत्या, एन्व्हायर्नमेंट चार वाजता बंद पडलं. शेजारच्या सिनियरने सांगितलं, बिल्ड तेच आहे, गेल्या वेळी पास होत्या, पास करून टाक. मी केल्या. रात्रभर झोप नाही लागली. आज हा धागा दिसला. काय करू?

निशिगंधा_क्यूए — सोमवार, रात्री १०:५८

अगं, एवढी घाबरू नकोस. उद्या सकाळी सगळ्यात आधी त्या १४ खरंच चालव. निकाल नवीन रनमध्ये भर, जुना रन पुसू नकोस. एएलएम असेल तर प्रत्येक रनची तारीख-वेळ राहते, त्यामुळे नवीन रन वर दिसेल. जुन्या रनच्या कॉमेंटमध्ये 'एन्व्हायर्नमेंट बंद असल्याने प्रत्यक्ष चालवली नव्हती, पुढचा रन पाहावा' असं लिही. मग लीडला स्वतः जाऊन सांग. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

पहिल्याच वर्षात तुला याने झोप लागली नाही, ही चांगली खूण आहे.

जुनाजाणता — सोमवार, रात्री ११:१५

निशिगंधाताईंशी सहमत. आणि लीडला सांगताना १४ चा आकडा आणि चार वाजताची एन्व्हायर्नमेंटची वेळ दोन्ही सांग. बंद पडल्याचं तिकीट काढलं होतं का बघ, असेल तर त्याचा नंबर दे. 'नो रन झिरो' ऐवजी 'नो रन १४, कारण एन्व्हायर्नमेंट ४ वाजल्यापासून बंद, तिकीट अमुक' ही ओळ कुठल्याही शहाण्या माणसाला पुरते. पुरली नाही तर इथे लिही.

यॉर्कशायरवासी — मंगळवार, पहाटे २:१०

इथे इंग्लंडमध्ये टेस्टिंगच्या प्रशिक्षणात टीएसबी बँकेचं उदाहरण हमखास निघतं. या धाग्याला ते फार लागू आहे.

टीएसबीने एप्रिल २०१८ च्या एका वीकेंडला आपले ५२ लाख ग्राहक लॉइड्सच्या जुन्या प्रणालीवरून स्पेनमधल्या मूळ कंपनीच्या, सबादेलच्या, नव्या प्लॅटफॉर्मवर हलवले. प्लॅटफॉर्म सुरू होताच लोकांना खाती उघडेनात. सुमारे १९ लाख ग्राहक ऑनलाइनला मुकले, पूर्ववत व्हायला काही महिने गेले. स्लॉटर अँड मे या लॉ फर्मचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. नवा प्लॅटफॉर्म दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होता. लोड किती पेलतो याची टेस्टिंग त्यातल्या एकाच सेंटरवर झाली.

आता या धाग्यातल्या भाषेत विचार करा. लोड टेस्ट्स 'एक्झिक्युटेड' होत्या. निकालही होते. पण दुसरं सेंटर ज्या यादीत असायला हवं होतं त्या यादीत नव्हतं, म्हणून ते कुठे नो रन म्हणून लाल दिसलं नाही. अॅझ्युअर डेव्हऑप्स हे मायक्रोसॉफ्टचं टूल वापरणाऱ्यांना हे लगेच कळेल. तिथे 'टेस्ट पॉइंट' म्हणजे केस गुणिले कॉन्फिगरेशन. केस एकच, पण दोन कॉन्फिगरेशन दिलीत तर पॉइंट दोन, आणि एक चालवला तर दुसरा 'अॅक्टिव्ह' राहून अर्धं काम उरल्याचं दाखवतो. कॉन्फिगरेशन दिलंच नाहीत तर एका रनमध्ये काम पूर्ण!

डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. २०२३ मध्ये तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला.

मुळाकाठ — मंगळवार, सकाळी ९:०२

व्यक्तिशः दंड! हे माहीत नव्हतं. आजच्या मीटिंगमध्ये सांगणार.

सांगलीचा_ऑटोमेशनवाला — मंगळवार, सकाळी ११:३०

सगळे मॅन्युअल केसेसबद्दल बोलताहेत. ऑटोमेशन आलं की हा प्रश्न सुटतो असं आमच्या क्लायंटला वाटतं. उलट तो आणखी खोल जातो, कारण तिथे नो रन दाखवायलाही कोणी बसलेलं नसतं.

माझ्याकडचं उदाहरण. जावा प्रोजेक्ट, बिल्डसाठी मेव्हन. एका सहकारिणीने परताव्याच्या हिशोबाच्या अकरा टेस्ट्स लिहिल्या, क्लासच्या नावाच्या शेवटी 'चेक्स' लावलं. मेव्हनचं टेस्ट्स चालवणारं प्लगइन श्युअरफायर डीफॉल्टला नाव बघून क्लास उचलतं: सुरुवातीला 'टेस्ट', किंवा शेवटी 'टेस्ट', 'टेस्ट्स' किंवा 'टेस्टकेस'. 'चेक्स' त्यात बसत नाही. बिल्ड हिरवं. तीन महिने हिरवं. अकरा टेस्ट्स एकदाही चालल्या नाहीत, आणि पाइपलाइनने (बिल्ड आणि टेस्ट्स आपोआप चालवणाऱ्या साखळीने) एक शब्दही काढला नाही, कारण तिच्या लेखी त्या नव्हत्याच. तिच्या आयडीईमध्ये (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उजवी क्लिक करून चालवल्या की त्या चालायच्या, म्हणून तिलाही शंका आली नाही.

दुसरं, जुन्या श्युअरफायरवर जेयुनिट ५ या जावाच्या टेस्ट लायब्ररीच्या टेस्ट्स टाकल्या की 'टेस्ट्स रन: ०' आणि खाली 'बिल्ड सक्सेस'. २.२२ पासून आधार आला, पण जुनी प्रोजेक्ट्स अजून आहेत. पायथनचं पायटेस्ट या बाबतीत बरं आहे, एकही टेस्ट सापडली नाही तर एक्झिट कोड ५ देतं आणि पाइपलाइन पडते. वेब टेस्टिंगच्या सायप्रेसमध्ये 'पेंडिंग' आणि 'स्किप्ड' वेगळे असतात, ते नीट बघा. पेंडिंग म्हणजे आपण मुद्दाम बाजूला ठेवलेली, स्किप्ड म्हणजे बिफोर हुक (टेस्टआधीची तयारी) पडला म्हणून तिच्यापर्यंत पोचलोच नाही. रिपोर्टमध्ये दोघांना एकाच राखाडी रंगात घातलेलं मी पाहिलंय.

मी आता प्रत्येक रात्रीच्या रननंतर फक्त एक आकडा साठवतो: किती टेस्ट्स चालल्या. पास-फेल नव्हे, एकूण. काल १,२०४ आणि आज १,१९३ असतील तर अकरा कुठे गेल्या ते कळेपर्यंत पुढचं काम नाही.

पेणकर — मंगळवार, सकाळी ११:५०

ही एकूणची युक्ती आजच लावतो. पाच मिनिटांचं काम आहे.

कोल्हापूर_टेस्टलिंक — मंगळवार, दुपारी ३:२५

आमची कंपनी छोटी, टूलला पैसे नाहीत, टेस्टलिंक वापरतो. तिथे नवीन बिल्ड केलं की त्या बिल्डपुरत्या सगळ्या केसेस पुन्हा 'नॉट रन' दिसतात. सुरुवातीला वैताग यायचा. आता वाटतं तेच बरोबर आहे, कालच्या बिल्डवर पास झालेली केस आजच्या बिल्डवर कोणी बघितलीय? शिवाय 'टेस्टर न नेमलेल्या केसेस' असा तयार रिपोर्ट आहे. तो शून्यावर आणल्याशिवाय आम्ही सुरुवातच करत नाही.

सिंहगडरोड — मंगळवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर क्वेरीवरच होते.

जुनाजाणता, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते मिळाल्यावर मी काही वेळ तशीच बसून राहिले. टेस्ट सेट भरताना आमचा फिल्टर होता: टेस्टचं स्टेटस 'रेडी'. आमच्याकडे नवीन केस 'डिझाइन' मध्ये जन्मते, रिव्ह्यू झाला की रेडी होते. त्या सहकाऱ्याने केस पूर्ण लिहिली, रिव्ह्यूला टाकली, आणि त्याच आठवड्यात त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं. रिव्ह्यू करायचा होता मी. माझ्या मेलबॉक्समध्ये त्याचा मेल आहे, १९ ऑक्टोबरचा: 'लीप इयरच्या चार केसेस टाकल्यात, एकदा बघशील का.' मी उत्तरही दिलं होतं, 'हो, उद्या बघते.'

क्वेरीचे आकडे: कुठल्याच टेस्ट सेटमध्ये कधीच न गेलेल्या केसेस ३१२. त्यातल्या १४८ रद्द झालेल्या फीचर्सच्या किंवा दुसऱ्याच केसच्या कॉप्या, त्यांना वेगळ्या फोल्डरमध्ये काढून तसं लिहिलं. ६१ अर्धवट, अपेक्षित निकालच नाहीत. उरलेल्या १०३ पूर्ण लिहिलेल्या, चालवता येण्यासारख्या. या १०३ पैकी ८८ डिझाइनमध्ये अडकलेल्या. लिहिणारे अकरा जण, त्यातले सात आता टीममध्ये नाहीत.

म्हणजे माणूस प्रोजेक्ट सोडतो तेव्हा हँडओव्हरमध्ये लॅपटॉप घेतला जातो, अॅक्सेस काढला जातो, पण डिझाइनमध्ये पडलेल्या त्याच्या केसेस कोणाच्या नावावर करायच्या हे कोणी बघत नाही. हँडओव्हरच्या शीटमध्ये मी ती ओळ आज वाढवली.

निशिगंधा_क्यूए — मंगळवार, रात्री १०:०२

'हो, उद्या बघते' असे माझेही किती मेल असतील. उद्या सकाळी आधी डिझाइन स्टेटसचा फिल्टर लावते, तीस दिवसांहून जुन्या.

गोंयची_सुलक्षणा — मंगळवार, रात्री १०:२०

१०३ आता चालवणार ना? सगळ्या एकदम घेऊ नका. पैशाचा हिशोब, तारखा आणि ग्राहकाला जाणारी कागदपत्रं या तिन्हींना हात लावणाऱ्या आधी घ्या.

नवी_टेस्टर — बुधवार, रात्री ८:१५

१४ चालवल्या. १३ पास, एक फेल. पत्त्यात जोडाक्षर आलं की प्रिंटमध्ये अर्धं अक्षर गळतंय. डिफेक्ट टाकला. लीडला सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, उद्यापासून नो रनपुढे कारण लिहून पाठव.

सिंहगडरोड — शुक्रवार, रात्री ११:३०

शाब्बास गं.

सुलक्षणाताईंच्या सांगण्याप्रमाणे १०३ मधल्या पैसे-तारखांच्या ३७ वेगळ्या काढल्या, नवा टेस्ट सेट केला, प्रत्येकीला नाव आणि तारीख दिली. आजपर्यंत ३७ पैकी २९ चालल्या. २६ पास, ३ फेल. तिन्ही मुदतपूर्व ठेव मोडण्याच्या हिशोबातल्या, अजून कुठल्या ग्राहकाला लागलेल्या नाहीत. उरलेल्या ८ नो रन: पाचांपुढे 'डेटा नाही', तिघांपुढे 'वेळ पुरला नाही', सोमवारची तारीख.

लीप वर्षाच्या चारही केसेस रेडी केल्या आणि दर रिलीजच्या रिग्रेशनमध्ये (जुनं काही बिघडलं नाही ना या तपासणीत) घातल्या. त्यासाठी टेस्ट एन्व्हायर्नमेंटचं घड्याळ २९ फेब्रुवारी २०२८ वर न्यावं लागतं, ते कसं करायचं हे पहिल्या स्टेपमध्ये लिहिलं. मूळ लिहिणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला होता. तो म्हणाला, शेवटची केस तपासून बघ, तिसऱ्या स्टेपला मला शंका होती. ती बघायला घेतलीय.